होडीस मोटार जोडणेबाबत

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्याने पुढे काय करावे, याविषयी कोकणात काही प्रघात ठरून गेलेले आहेत. कोणी हापूसची कलमे लावतो, कोणी देवस्थानच्या जमाखर्चात लक्ष घालून विश्वस्तांची झोप उडवितो, आणि ज्यांस यांपैकी काहीच साधत नाही ते भाऊबंदकीतला एखादा निजलेला दावा हलवून जागा करतात. आमचे भावोजी, ज्यांची उभी हयात महसूल खात्यात गेली आणि ज्यांच्या टेबलावरून पुढे सरकण्यास कोणत्याही कागदास निदान एक पावसाळा लागत असे, त्यांनी मात्र होडी घेतली. वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून समुद्रास मिळते तेथून थोडे आत, पाण्याच्या अगदी लगत त्यांचे वडिलार्जित घर आहे. तेव्हा होडी घेण्यात वावगे असे काही नव्हते. होडी फायबरची, अठरा फुटी, पोटाने गोल आणि स्वभावाने शांत होती. आधीच्या मालकाने ती वल्ह्यांवरच वापरलेली असल्यामुळे तिला मोटार नव्हती. ती बसवावयाची, एवढाच काय तो प्रश्न उरला होता.

भावोजींनी नस्ती उघडली, तिच्यावर ‘होडीस मोटार जोडणेबाबत’ असा विषय घातला, आणि खाडीकाठच्या यच्चयावत मोटारधारकांचे अभिप्राय मागविले. ते अभिप्राय मी वाचले आहेत. ज्याच्याकडे चाळीस अश्वशक्तीची मोटार होती त्याचे म्हणणे असे पडले की चाळिसाच्या खाली जे काही मिळते ते लहान मुलांच्या जत्रेत विकण्याच्या लायकीचे होय. पंचविसाच्या धन्याने चाळीसवाल्यास उधळ्या ठरविले आणि पंधरावाल्याची कीव केली. आणि पंधरावाल्याने, आपली मोटार गेले वर्षभर गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेविलेली असतानाही, तिच्यासारखी इमानी मोटार त्रिखंडात नाही असा निर्वाळा दिला. जो तो आपापल्या खरेदीच्या समर्थनार्थ जबानी देत होता, आणि मोटार जितकी वारंवार बंद पडलेली तितकी ती जबानी अधिक तळमळीची होती. तालुक्याच्या गावच्या दुकानदाराने तर होडी केवढी, हे विचारलेच नाही. त्याने ‘साहेब, बजेट किती?’ एवढेच विचारले, आणि उत्तर ऐकून त्यापेक्षा थोड्या अधिक किमतीची मोटार सुचविली.

या साऱ्या पत्रव्यवहारात एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानी आली. अश्वशक्ती हे मोटारीचे माप आहे असा जो समज आहे तो केवळ पुस्तकी होय. व्यवहारात ते मालकाचे माप आहे. मोगल दरबारी ज्याप्रमाणे मनसबदाराची पायरी त्याच्या पदरच्या घोड्यांवरून ठरे, आणि त्यांपैकी किती घोडे खरोखर तबेल्यात उभे आहेत हा प्रश्न हजेरी घेण्याची वेळ येईपर्यंत कोणी विचारीत नसे, तद्वतच खाडीवर पंचवीस घोड्यांचा धनी आठ घोड्यांच्या धन्यास पाहून न पाहिल्यासारखे करतो. भावोजी सेवेत असताना बढतीच्या यादीत अनेकदा खाली राहिलेले. त्यांच्या मनाने पंचविसाकडे धाव घेतली यात नवल ते काय?

मी त्यांच्या नस्तीत एक टिपण जोडले. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात नौकांच्या लहान प्रतिकृती हौदातून ओढून पाण्याच्या विरोधाचा अभ्यास केला. त्या अभ्यासाचे सार असे की पाणी कापीत जाणारी नौका आपल्या नाळेपाशी एक लाट उत्पन्न करते. वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते, आणि शेवटी तिची लांबी नौकेच्या पाण्यातील लांबीएवढी झाली म्हणजे नौका आपणच खणलेल्या खळग्यात बसते. तेथून पुढे जावयाचे तर तिला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. ज्यांचे बूड सपाट आणि अंग हलके त्या होड्या हा चढ चढून पाण्यावरून घसरू लागतात. गोल पोटाच्या, भारदस्त होड्यांस ते साधत नाही. अशा होडीच्या वेगाची मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे: पाण्यातील लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १.३४ने गुणावे, म्हणजे ताशी सागरी मैल मिळतात. भावोजींच्या होडीची पाण्यातील लांबी सोळा फूट. सोळाचे वर्गमूळ चार. उत्तर सुमारे ५.४ सागरी मैल, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. एवढ्या वेगास सात-आठ अश्वशक्ती पुष्कळ झाली. त्याहून फार कमीही नको, कारण उधाणाच्या दिवशी खाडीतली ओहोटी समोरून येते तेव्हा दुबळी मोटार जोराने चालूनही काठावरचे माड जागचे हलत नाहीत. परंतु या होडीस पंचवीस घोडे जोडल्यास ती वेगाने धावणार नाही. तिचे नाक वर जाईल, मागची बाजू खाली बसेल, आणि पेट्रोल मात्र पंचवीस घोड्यांचे खपेल.

भावोजींनी टिपण काळजीपूर्वक वाचले आणि समासात ‘पाहिले’ असा शेरा मारला. सरकारी नोकरीतील मनुष्य ‘पाहिले’ लिहितो त्याचा अर्थ त्याने काहीही करावयाचे नाही असे ठरविले आहे, हे ज्ञात्यांस सांगणे नलगे.

तेव्हा मी त्यांस ओले एव्हिनरूडची कथा सांगितली. नॉर्वेत जन्मलेला हा कारागीर अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात वाढला. एके उन्हाळ्याच्या दिवशी सरोवराच्या काठी सहलीस गेले असता त्याच्या प्रिय व्यक्तीस आइसक्रीम खाण्याची इच्छा झाली. ओले बिचारा वल्ही मारीत पलीकडच्या तीरावर गेला आणि परत येईतो आइसक्रीमचे पाणी झाले, असे सांगतात. त्या संतापातून होडीच्या मागे अडकविण्याची मोटार जन्मास आली, आणि १९०९ साली तिची विक्री सुरू झाली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ रत्तल आणि किंमत ६२ डॉलर. म्हणजे रत्तलास एक डॉलर असा चोख हिशेब. अशी मोटार करणारा तो पहिला नव्हे, डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने त्याच्या आधी काही वर्षे ती विकावयास आणली होती. पण वॉटरमनच्या कथेत आइसक्रीम नसल्यामुळे त्यास कोणी आठवीत नाही. माझ्या सांगण्याचा मथितार्थ असा होता की प्रेमासारखे निकडीचे कारण असूनही दीड घोड्यात भागले. यावर ताईने आतून ‘मला कधी कोणी आइसक्रीम आणायला गेलेलं आठवत नाही,’ एवढाच अभिप्राय नोंदविला, आणि भावोजींनी विषय बदलून मोजणीकडे नेला.

मोजणी म्हणजे होडीच्या मागच्या फळीची. बाहेरून अडकविण्याच्या मोटारीचा दांडा साधारणतः पंधरा, वीस अथवा पंचवीस इंचांचा येतो, आणि फळीच्या उंचीशी त्याचा मेळ बसावा लागतो. दांडा आखूड पडला तर पंखा पाण्याऐवजी हवा खातो आणि मोटार किंचाळते. लांब झाला तर तो विनाकारण पाणी ओढतो, आणि ओहोटीच्या वेळी खाडीतील वाळूच्या पट्ट्यांशी त्याची ओळख होते. पंख्याच्या वर जी आडवी पाती असते ती होडीच्या तळाच्या जवळपास, किंबहुना किंचित खाली यावी, असा दंडक आहे. भावोजींनी दोन पंच बोलाविले, फीत आणली आणि रीतसर पंचनामा आरंभिला. पहिल्या पंचाने फळीच्या कोपऱ्यापासून मोजले, ते वीस इंच भरले. दुसऱ्याने फळीच्या मध्यभागी जो खाचा कापलेला असतो तेथून मोजले, ते पंधरा भरले. दोन्ही पंच प्रतिष्ठित, दोघांच्याही हाती तीच फीत. तेव्हा महसुली परंपरेस अनुसरून भावोजींनी सरासरी काढली आणि साडेसतरा इंची दांड्याची मोटार मागविण्याचा मसुदा सांगू लागले. जगाच्या पाठीवर असा दांडा कोणी करीत असल्याचे ऐकिवात नाही. शेजारी जाळे शिवीत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने इतका वेळ मान वर केली नव्हती. आता तो म्हणाला, ‘भाऊ, मशीन काय कोपऱ्यावर बसवणार?’ मोटार खाच्यात बसते, तेव्हा दांडा पंधरा इंची, हे एका वाक्यात ठरले आणि पंचनामा दप्तरी दाखल झाला.

यानंतर इंधन. मोटारीची निवड ही वस्तुतः इंधनाचीच निवड असते, कारण मोटार एकदाच आणावी लागते आणि इंधन जन्मभर.

पहिला वाद टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा होता. टू-स्ट्रोक अंगाने हलकी, रचनेने साधी आणि दुरुस्तीस सोयीची. परंतु तिच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते, बहुधा पन्नासास एक या प्रमाणात, म्हणजे दहा लिटर पेट्रोलात २०० मिलिलिटर. तेही मोटारसायकलचे चालत नाही; हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे तेल निराळे आणि पाण्याने थंड होणाऱ्याचे निराळे. तांडेल मंडळी हे तेल चहाच्या पेल्याने ओततात आणि धुराच्या रंगावरून प्रमाण ताडतात. भावोजींनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे दहा मिलिलिटरचे टोपण घेऊन वीस टोपणे मोजावयास प्रारंभ केला. मध्येच पोस्टमन आला, आकडा सुटला, आणि पोस्टमनच्या जबानीवर तो पुन्हा कायम करावा की मोजणी नव्याने करावी या विचारात ती दुपार गेली. फोर-स्ट्रोकमध्ये ही कटकट नाही. तिचे तेल तिच्या पोटात स्वतंत्र राहते, पेट्रोलही ती कमी पिते, आणि बोलते हलक्या आवाजात. मात्र ती त्याच अश्वशक्तीस दहा-बारा किलोंनी जड असते, आणि काढून ठेवताना तिला सांगितलेल्याच कुशीवर निजवावे लागते, नाहीतर तेल नको तेथे उतरते. रॉकेलवर चालणाऱ्या मोटारीचाही एक प्रस्ताव आला होता. केरळच्या किनाऱ्यावर तिचा प्रसार मोठा आहे. तिला सुरू करताना पेट्रोल द्यावे, तापली म्हणजे रॉकेलवर न्यावी, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती उठत नाही. सकाळ-संध्याकाळ पक्वान्न आणि मधल्या वेळी शिळे, असा हा पाहुणचार भावोजींस पसंत पडला नाही. शिवाय रेशनकार्डावरच्या रॉकेलची जन्मभर चौकशी केलेल्या मनुष्याने रॉकेल मागत फिरणे हे त्यांस अप्रशस्त वाटले.

राहता राहिली साठवण. येथे मात्र भावोजी खऱ्या अर्थाने आपल्या मुलखात आले. त्यांनी १९३४चा पेट्रोलियम अधिनियम काढला. (ओले एव्हिनरूडही त्याच साली निवर्तला, या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही.) त्या अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार खाजगी इसमास विक्रीसाठी नव्हे असे तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येते, मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे, आणि भांडे काचेचे वा चिनी मातीचे असेल तर एक लिटरहून, धातूचे असेल तर पंचवीस लिटरहून मोठे नसावे. हे कलम भावोजींनी ओसरीवर मोठ्याने वाचले, आणि ‘चिनी मातीचे’ या शब्दांपाशी येताच त्यांची दृष्टी नकळत स्वयंपाकघराच्या फडताळाकडे गेली. तेथे कैरीच्या लोणच्याच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या, दादरे बांधलेल्या. कायद्याच्या दृष्टीने त्यांतील प्रत्येक लहान बरणी हे पेट्रोलचे अधिकृत पात्र होते. उलटपक्षी कारखानदार मोटारीबरोबर जी लाल टाकी देतो ती प्लास्टिकची, आणि प्लास्टिकचा त्या कलमात नामोल्लेखही नाही. पुढील कलम वाहनाच्या अंगभूत टाकीस मोकळीक देते खरे, पण होडीतली ही टाकी पायाशी सुटी ठेवलेली असते आणि रबरी नळीने मोटारीस जोडलेली. तेव्हा ती अंगभूत की केवळ संलग्न? भावोजी या प्रश्नावर जिल्ह्याच्या ठिकाणी लिहून खुलासा मागविणार होते. ताई बाहेर आली, तिने कलम ऐकून घेतले, आणि म्हणाली, ‘बरणीला हात लावलात तर लोणचं त्या टाकीत घालीन.’ एवढे असंदिग्ध फर्मान महसूल खात्याच्या इतिहासात क्वचितच निघाले असेल. त्याच आठवड्यात वीस लिटरचा पत्र्याचा डबा खरेदी झाला.

पेट्रोलची आणखी एक अडचण अलीकडची आहे. २०२३पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल आमच्याकडे मोठ्या प्रमाणावर उसापासून होते, म्हणजे घाटावरच्या उसाचा अर्क कोकणच्या खाडीत उतरला असे म्हणावयास हरकत नाही. मोटारगाडीत ते खपून जाते. होडीची गोष्ट वेगळी: येथे चहूकडे पाणी, हवेत पाणी, रात्री टाकीच्या आत दव, आणि इथेनॉल हा असा द्रव आहे की पाणी दिसले रे दिसले की त्यास जाऊन मिळतो. पाणी मर्यादेबाहेर गेले म्हणजे इथेनॉल पेट्रोलची सोबत सोडतो, पाण्याला घेऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि मोटारीची नळी तर तळापासूनच इंधन ओढते. परिणामी मोटारीस पहिला घोट मिळतो तो पाणचट दारूचा. मासेमारीच्या बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, पुष्कळांच्या मोटारी पेट्रोल पोटात ठेवून निजतात आणि श्रावणात उठावयास नकार देतात, त्यामागे हेच दुखणे असते. जोडीस जुन्या पेट्रोलचा राळेसारखा चिकटा कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसलेला. उपाय सोपे आहेत. पेट्रोल लागेल तेवढेच आणावे, टाकी अर्धवट ठेवू नये, नळीत पाणी वेगळे काढणारी गाळणी बसवावी, आणि शेवटच्या फेरीनंतर नळी काढून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत मोटार गोड्या पाण्याच्या पिंपात चालवावी. पिंपातली ही आंघोळ खारे पाणीही धुऊन काढते. शेजारणीला मात्र ती आवडत नाही.

अखेर दुकानदाराची एक मोटार चाचणीसाठी आली, आणि भावोजी, दोन्ही पंच, तांडेलाचा शाळकरी नातू व मी असे होडीत बसून निघालो. भरतीची वेळ तिथीची पाऊणपट करून काढलेली होती. फेरीबोटीच्या वाटेपासून दूर, खाडीच्या मध्यावर आम्ही आलो असू, तोच मोटार दोनदा खाकरली आणि थांबली. तत्काळ सर्वांचे निदान सुरू झाले. पहिल्या पंचाने प्लग काळा झाला म्हणून सांगितले, दुसऱ्याने कार्ब्युरेटरवर ठपका ठेविला, आणि भावोजींनी पेट्रोलपंपावरील भेसळीविषयी अर्ज करण्याची भाषा काढली. दोरी ओढून ओढून तिघेही घामाघूम झाले. इकडे ओहोटी लागली होती, आणि होडी कोणाचाही अभिप्राय न घेता समुद्राकडे निघाली होती. नातू टाकीकडे पाहत होता. टाकीची दोन्ही अंगे आत ओढली गेली होती, उपासकऱ्याच्या गालांसारखी. त्याने टोपणावरचा लहानसा स्क्रू दोन बोटांनी सैल केला. टाकीने मोठा निःश्वास सोडला आणि ती पुन्हा गुबगुबीत झाली. पेट्रोल बाहेर जावयाचे तर तेवढी हवा आत यावयास हवी, आणि तिची वाटच आम्ही बंद ठेवली होती. नातवाने नळीवरचा रबरी फुगा दाबून कडक केला, दोरी एकदाच ओढली, मोटारीच्या बाजूने थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार सुटल्याची खातरजमा केली, आणि ‘आता बसा’ म्हणाला. आम्ही बसलो.

मोटार घेतली ती आठ अश्वशक्तीची, फोर-स्ट्रोक, पंधरा इंची दांड्याची. निर्णयाचे श्रेय फ्रूडला देण्याचा मोह मला होतो, पण खरे कारण निराळे आहे: पलीकडच्या गावचा मिस्त्री त्याच बनावटीची मोटार खोलू जाणतो, त्याच्याकडे तिचे पंप, पाती आणि प्लग असतात, आणि तो हाकेच्या अंतरावर राहतो. पंचविसाची मोटार बिघडली असती तर तिच्यासाठी मुंबईहून माणूस येईपर्यंत दोन अमावास्या गेल्या असत्या. माझ्या मते मोटार निवडण्याची एवढी एकच सयुक्तिक कसोटी आहे. अश्वशक्ती, इंधन आणि दांडा हे तिच्या खालचे मुद्दे होत. इंधनाचा हिशेब भावोजी आता तिहेरी ठेवतात: एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, आणि एक तृतीयांश शिल्लक. या शिल्लकेस हात लावावयाचा तर लेखी कारण द्यावे लागते.

वाचकांपैकी कोणास होडीस मोटार जोडावयाची असल्यास त्याने वरील मजकुरावर अवश्य विचार करावा. मात्र भावोजींकडे लिहून सल्ला विचारू नये, एवढी विनंती आहे. ते उत्तर पाठवितात, आणि त्यासोबत संपूर्ण नस्तीची नक्कल जोडतात.